चॅटवरची लढाई अडकलीये? टर्न कुठे थांबतो ते असं तपासा

जळगाव, भुसावळ, रावेर, चोपडा, धुळे, दोघं पुण्यात आणि एक दुबईत, असा आमचा ग्रुप पसरलाय. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्र बनून फासे टाकत खेळायचा गोष्टीचा खेळ) टाईप करून खेळतो, बहुतेक डिस्कॉर्ड या चॅटच्या ॲपवर, आणि ज्यांना डिस्कॉर्ड झेपत नाही त्यांचं व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळं चालतं, दोन्हीकडे डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि राक्षस चालवणारा) मीच. गप्पा, बाजार, राजदरबार, कोडी सगळं झकास चालतं आणि इनिशिएटिव्ह (लढाईत कोणाचा टर्न कधी हे ठरवणारा फासा) टाकला की गाडी जागेवर बसते. हा फॉल्ट इतक्यांदा काढून झालाय की आता दुसऱ्या ग्रुपचे डीएम पण "भाऊ जरा आमच्याकडे बघ ना" म्हणतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो. नियमांची उदाहरणं पाचव्या आवृत्तीतली आहेत पण अडकण्याची कारणं सगळ्या गेममध्ये जवळपास तीच असतात.

आधी लक्षणं

वरवर सगळ्यांची तक्रार एकच, लढाई हलत नाही. पण चॅट जरा वर सरकवून वाचलं की प्रकार वेगवेगळे दिसतात.

ग्रुपवर सारखं "कोना नंबर शे भो?" (कोणाचा नंबर आहे?) येतंय. म्हणजे माहितीच पोचत नाहीये, नियमांचा इथे काही संबंध नाही.

दोघांनी एकाच वेळी टर्न टाकलाय, किंवा मेलेल्या गोब्लिनला (छोटा राक्षस) कोणीतरी परत मारतंय.

दर राऊंडला त्याच एका माणसापाशी येऊन थांबतं. बाकीचे त्याला शिव्या घालतात, तो म्हणतो मला मेसेजच आला नाही, आणि बऱ्याचदा तो खरंच बोलत असतो.

टर्न वेळेत येतो पण डीएमला तीनदा उलट विचारावं लागतं, कोणाला मारलं, कशाने मारलं, कुठे उभा आहेस.

"थांबा थांबा मी शील्ड टाकणार होतो" असं (शील्ड म्हणजे वार अडवायची जादू) दोन टर्न उलटून गेल्यावर येतं.

बॉटच्या (चॅटमध्ये फासे टाकणारा, क्रम सांभाळणारा प्रोग्राम) यादीत एक क्रम, पिन केलेल्या मेसेजमध्ये दुसरा, आणि लोकांच्या डोक्यात तिसराच.

आणि शेवटचं, सगळे वेळेत टाकतायत, काहीच चुकत नाहीये, तरी एक लढाई महिनाभर चाललीये. हे दुखणं वेगळं आहे, त्याच्याकडे सगळ्यात शेवटी जाऊ.

बहुतेक डीएम पहिल्याच दिवशी नियम बदलायला घेतात, ते नका करू. आधी फुकटातली आणि पाच मिनिटांत होणारी कामं करा. नियम बदलला की आठ लोकांना नव्याने समजवावं लागतं, आणि मूळ कारण जर कोणाच्या फोनचा बॅटरी सेव्हर असेल तर नव्या नियमातही तो माणूस तसाच गायब राहणार.

पहिलं: "पुढचा कोण" हा मेसेज कसा लिहिता ते बघा

टेबलावर बसलो की डीएमच्या नुसत्या नजरेवरून कळतं आता कोणाचं आलं. चॅटवर नजर नसते. भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर गाडी यायच्या आधी चार मिनिटं मिळालेला माणूस फक्त शेवटचा मेसेज वाचतो, वरचे साठ मेसेज वाचत नाही, आणि त्याने वाचावेत अशी अपेक्षा पण ठेवू नका. म्हणून शेवटच्या एका मेसेजमध्येच सगळं पाहिजे. दवाखान्यात कंपाउंडर जसा "आत कोण, त्याच्यानंतर कोण" दोन्ही नावं एकदम ओरडतो तसं. आमचा मेसेज असा असतो:

"राऊंड ३. टर्न: क्लेरिक. नंतर: विझार्ड (तयारीत रहा). ओगर दाराजवळ उभा, अर्ध्याहून जास्त जखमी. गोब्लिन २ टेबलाखाली, गोब्लिन १ मेला. फायटर बेशुद्ध, एक डेथ सेव्ह फेल. ब्लेस चालू, राऊंड ११ ला क्लेरिकच्या टर्नला संपणार. वेळ: उद्या बुधवार रात्री ९ पर्यंत."

(क्लेरिक, विझार्ड, फायटर ही खेळाडूंची पात्रं, ओगर मोठा राक्षस, डेथ सेव्ह म्हणजे बेशुद्ध पात्र जगतं की मरतं त्याचा फासा, ब्लेस हा साथीदारांना बळ देणारा स्पेल, म्हणजे जादू.) क्लेरिक आणि विझार्ड दोघांनाही टॅग. नुसतं नाव टाईप केलं तर नोटिफिकेशन जात नाही, ॲट लावून निवडावं लागतं. हे सगळ्यांना माहीत असतं तरी घाईत राहून जातं.

राऊंडचा आकडा का, तर ब्लेससारखा स्पेल एक मिनिट टिकतो आणि राऊंड गेमच्या वेळेत सहा सेकंदांचा, म्हणजे दहा राऊंड. टेबलावर दहा राऊंड एका बैठकीत होतात, चॅटवर महिना जातो, आणि तीन आठवड्यांपूर्वी कोणत्या राऊंडला टाकला होता हे कोणाच्या बापाला आठवत नाही. टाकतानाच "अमक्या राऊंडला, अमक्याच्या टर्नला संपणार" लिहून ठेवलं की भांडणच नाही.

मेलेल्याला परत मारण्याचा प्रकार पण इथेच सुटतो. जिवंत कोण आणि कुठे हे शेवटच्या मेसेजमध्ये असलं की पुरे. नकाशा नसला तरी चालतं, "दाराजवळ, टेबलाखाली, माळ्यावर" एवढ्याने काम होतं.

दुसरं: फोन

एकाच माणसापाशी अडकत असेल तर त्याला रागवायच्या आधी हे करा. त्याला सांगा फोन लॉक करून खिशात ठेव, मग तुम्ही टॅग करा. आवाज आला का? नाही आला तर पुढच्या गोष्टी एकेक करून बघायच्या.

सर्व्हर (डिस्कॉर्डवरचा आपला पूर्ण ग्रुप) किंवा चॅनेल म्यूट आहे का. रोलप्लेच्या चॅनेलवर गप्पा फार होतात म्हणून लोक पूर्ण सर्व्हरच गप्प करतात आणि लढाई त्याच्यासोबत गप्प होते. लढाईचं चॅनेल वेगळं करा, तिथे फक्त टर्न, गप्पा बंद, आणि सगळ्यांना सांगा बाकी काहीही म्यूट करा पण हे "फक्त मेन्शन" वर ठेवा.

बॅटरी ऑप्टिमायझेशन. आपल्याकडे जे फोन सगळ्यात जास्त चालतात त्यातल्या बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये कंपनी बॅटरी वाचवायला मागची ॲप बंद करून टाकते. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला "निर्बंध नाही" असं करावं लागतं, काही फोनमध्ये ऑटोस्टार्टही वेगळा चालू करावा लागतो.

दुकानातला कॉम्प्युटर. हे फार जणांना माहीत नाही. डिस्कॉर्ड कॉम्प्युटरवर उघडं आणि चालू दिसत असेल तर फोनवरची नोटिफिकेशन ते थोडा वेळ अडवून ठेवतं, त्याला वाटतं माणूस स्क्रीनसमोर आहे. किती मिनिटं अडवायची ते नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये ठरवता येतं, एक मिनिटावर आणून ठेवा.

थ्रेड. लढाई थ्रेडमध्ये (चॅनेलच्या आतली वेगळी चर्चा) खेळत असाल तर डिस्कॉर्ड शांत थ्रेड आपोआप आर्काइव्ह करतं, एक तास, २४ तास, ३ दिवस किंवा १ आठवडा, जे निवडलं असेल ते. आर्काइव्ह झाला की यादीतून गायब होतो आणि लोकांना वाटतं लढाई संपली. कोणी मेसेज टाकला की परत उघडतो, पण टाकणारा तर तो शोधतोय! एक आठवड्यावर ठेवा, आणि त्याची लिंक मुख्य चॅनेलवर पिन करा.

एवढं करूनही आवाज येत नसेल तर साधा उपाय, त्याच्या पुढच्या नंबरवाल्याने त्याला फोन किंवा पर्सनल मेसेज करायचा. एप्रिल-मे मध्ये लाईट गेली की गावाकडचे टॉवर पण थोड्या वेळाने बसतात, तिथे कोणती सेटिंग काय करणार.

तिसरं: यादी एकच ठेवा

क्रम फक्त एकाच ठिकाणी असावा. बॉट वापरत असाल तर बॉटची यादीच खरी, पिन केलेला हाताने लिहिलेला मेसेज काढून टाका. बॉट नसेल तर पिन खरा. व्हॉट्सअ‍ॅपवर पिन करताना २४ तास, ७ दिवस की ३० दिवस असं विचारतं, तिथे ३० घ्या, नाहीतर आठवड्याने पिन आपोआप जातो आणि परत "कोना नंबर शे" सुरू.

बॉटवाल्यांचा एक ठरलेला घोळ म्हणजे दुहेरी नेक्स्ट. खेळाडू आपला टर्न संपवून नेक्स्टची कमांड देतो, डीएम पण सवयीने देतो, आणि मधला एकजण उडतो. त्याला कळतंही नाही की आपला नंबर येऊन गेला. नेक्स्ट कोण देणार ते एकदाच ठरवा. आमच्याकडे खेळाडूच देतो, मी फक्त राक्षसांनंतर देतो.

बरोबरी झाली की काय, हे पण लढाईच्या सुरुवातीलाच लिहून टाका. पुस्तकातला नियम सोपा आहे, खेळाडूंमध्ये बरोबरी झाली तर खेळाडूंनी आपसात ठरवायचं, राक्षसांमध्ये झाली तर डीएमने, आणि खेळाडू विरुद्ध राक्षस झाली तरी डीएमनेच. चॅटवर "आपसात ठरवा" म्हणजे दोन दिवस गेले समजा, म्हणून आम्ही ज्याचा डेक्स्टेरिटी (चपळाईचा आकडा) जास्त तो आधी असं करून टाकलंय. एकसारख्या गोब्लिनांचा एकच रोल घ्यायचा, हे नियमातच आहे, त्यामुळे आठ गोब्लिनांसाठी आठ जागा अडवू नका.

आता यातली सगळ्यात चिडचिडीची गोष्ट, सरप्राइज. तुमच्या ग्रुपात काहींकडे २०१४ चं पुस्तक असेल आणि काहींकडे २०२४ चं, आणि दोन्हींत हे वेगळं आहे. २०१४ मध्ये अचानक गाठला गेलेला माणूस इनिशिएटिव्ह नेहमीसारखाच टाकतो, पहिल्या टर्नला हलता येत नाही, ॲक्शन (टर्नमधलं मुख्य काम) नाही, आणि तो टर्न संपेपर्यंत रिॲक्शन (दुसऱ्याच्या टर्नमध्ये दिलेलं उत्तर) पण नाही. म्हणजे त्याचा टर्न येतो आणि रिकामा जातो. २०२४ मध्ये तसं काही नाही, फक्त इनिशिएटिव्हला दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा, म्हणजे रोल डिसअ‍ॅडव्हांटेजने. एकजण एक पुस्तक वाचून बोलतो, दुसरा दुसरं, आणि दोघंही बरोबर असतात. क्रमावरून जी भांडणं माझ्यासमोर आली त्यातली बरीच इथली निघाली. चॅनेलच्या वर्णनात लिहून ठेवा आपण कोणतं पुस्तक खेळतो, विषय संपला.

चौथं: खेळाडूचा टर्न पूर्ण येतो का

इथे जरा थांबतो, कारण वेळ सगळ्यात जास्त इथेच जातो आणि कोणाला तो दिसत नाही.

आमचा रावेरचा गडी केळीची गाडी भरली जात असताना एका हाताने टाईप करतो. त्याचा टर्न असा यायचा:

"मारतो त्याला"

कोणाला? मी विचारतो. तो चार तासांनी, "ओगर". कशाने? "कुऱ्हाड". तू तर माळ्यावर आहेस, उतरतोस का? रात्री साडेअकराला, "हो उतरतो ना भो, ते तर समजून घ्यायचं". टर्न एक, दिवस एक. आणि लोकांना वाटतं हा उशिरा टाकतो, पण त्याने तर दुपारीच टाकलेला.

आता त्याला, आणि सगळ्यांनाच, एक साचा दिलाय, फोनच्या क्लिपबोर्डमध्ये ठेवायचा आणि भरायचा. तोच माणूस आता असं टाकतो:

"हालचाल: माळ्यावरून उडी, ओगरच्या डाव्या बाजूला. ॲक्शन: कुऱ्हाड, ओगर. टू हिट १८, डॅमेज ९. बोनस: नाही. जर: ओगर माझ्याआधीच मेला असेल तर गोब्लिन २, तोच रोल. रिॲक्शन: कोणी माझ्याजवळून पळालं तर मारणार."

यातला "जर" वाला भाग सोन्याचा आहे. त्याच्यामुळे आधीच्या माणसाने काय केलं यावर त्याचा टर्न फुकट जात नाही, आणि त्याने परत फोन बघेपर्यंत थांबावं लागत नाही. डॅमेज (किती लागलं त्याचा फासा) पण टू हिटसोबतच (लागलं का त्याचा फासा) टाकायचा, लागलं नाही तर सोडून द्यायचा. "आधी लागलं का सांगा मग डॅमेज टाकतो" ही टेबलावरची सवय आहे, तिथे ती दोन सेकंद खाते, इथे अर्धा दिवस.

फासे चॅनेलवरच बॉटने टाकायचे. घरी टाकून आकडा सांगितला तरी मला चालतं, विश्वास आहे, पण बाकीच्यांच्या मनात येतंच, आणि मग ते दुसऱ्याच विषयावरून बाहेर पडतं.

पाचवं: वेळेची मर्यादा, आणि ती संपल्यावर काय

डेडलाईन बऱ्याच ग्रुपात असते. पण ती संपल्यावर नक्की काय होणार हे लिहिलेलं नसतं, म्हणून डीएम "अजून थोडं थांबू" करत बसतो. दोन्ही ठरवा.

"२४ तास" असं लिहू नका, कधीपासून २४ हे कोणी मोजत नाही. "बुधवार रात्री ९" असं लिहा. दुबईवाल्यासाठी डिस्कॉर्डमध्ये टाईमस्टॅम्प टाकता येतो, तो प्रत्येकाला त्याच्या त्याच्या वेळेत दिसतो.

वेळ संपली तर कॅरेक्टर डॉज करतं, म्हणजे नुसतं स्वतःला वाचवतं, हा आमचा नियम. डॉज का, तर नुसता टर्न सोडला तर बिचारा उघडा पडतो आणि फोन न बघण्याची शिक्षा म्हणून मरतो. डीएमने त्याच्या वतीने हल्ला केला तर त्याचा ठेवणीतला स्पेल स्लॉट (जादूचा मोजका साठा) खर्च होतो, मग तो महिनाभर ऐकवतो. डॉजमध्ये त्याचं काही खर्च होत नाही, हल्ला करणारा त्याला दिसत असेल तर हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हांटेज मिळतो, डेक्स्टेरिटी सेव्हला (चपळाईने वाचायचा फासा) अ‍ॅडव्हांटेज, आणि लढाई पुढे सरकते. ज्याला डॉज नको त्याने आधीच कायमचा आदेश लिहून ठेवायचा, उदाहरणार्थ आमच्या क्लेरिकचा आहे, "मी नसलो तर जो सगळ्यात जखमी त्याला क्युअर वून्ड्स, पहिल्या लेव्हलचा, त्याहून मोठा नाही".

आणि पंचांग बघून डेडलाईन ठेवा राव. अखाजीला, श्रावणातल्या कानबाईला, दिवाळीच्या आसपास कापूस वेचणीला मजूर मिळत नाहीत म्हणून घरचे सगळे शेतात असतात तेव्हा, बारावीच्या पेपरांत, टर्न येणार नाही तो नाहीच. हिवाळ्यात एखाद्या शनिवारी अर्धा ग्रुप कोणाच्या तरी मळ्यात भरीत पार्टीला असतो आणि तिकडून फक्त फोटो येतात. अशा वेळी सरळ "विराम, सोमवारपर्यंत" असं पिन करायचं. जाहीर केलेल्या विरामाने लढाई मरत नाही, न सांगता पडलेल्या खंडाने मरते, कारण परत सुरू कोणी करायचं हेच कोणाला कळत नाही.

सहावं: रिॲक्शन

शील्ड, काउंटरस्पेल (शत्रूची जादू मोडणारा), अनकॅनी डॉज (लागलेला वार अर्धा करणारा), पळणाऱ्यावरचा वार. हे सगळं दुसऱ्याच्या टर्नमध्ये घुसून करायचं असतं आणि चॅटला तेच जमत नाही. प्रत्येक हल्ल्यानंतर "कोणाची रिॲक्शन आहे का?" विचारत थांबलात तर लढाई संपली म्हणून समजा.

उपाय, रिॲक्शन आधीच लिहून घ्यायची. विझार्ड लिहितो, "मला लागलं आणि शील्डने वाचत असेन तरच शील्ड". शील्डने एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) पाचने वाढतो आणि ज्या हल्ल्यावर टाकला त्यालाही लागू होतो, त्यामुळे हा हिशोब डीएम स्वतः करू शकतो, विचारायची गरज नाही. काउंटरस्पेलसाठी, "शत्रूच्या जादूगाराने टाकलेला पहिला मोठा वाटणारा स्पेल, तीन नंबरचा स्लॉट". इथे डीएमने जरा मनाचा मोठेपणा ठेवावा, उगीच छोट्या स्पेलवर त्याचा स्लॉट जाळू नये.

रिॲक्शन एका राऊंडला एकच, आणि ती आपला टर्न सुरू झाला की परत मिळते. म्हणून यादीत नावापुढे एक खूण ठेवा, वापरली की नाही. आणि कापायची रेषा ठरवा, पुढच्या माणसाचा टर्न पोस्ट झाला की मागचं काही बदलणार नाही. कडक वाटतं, पण दोन टर्न मागे जाऊन सगळं पुसणं एकदा सुरू केलं की ते थांबत नाही.

रेडी ॲक्शनवाल्यांना ("अमुक झालं की तमुक करीन" असं ठरवून ठेवणारे) सांगा ट्रिगर नीट लिहा. "कोणी काही केलं तर" हा ट्रिगर नाही. रेडी केलेलं काम पण रिॲक्शन खाऊनच होतं, हे लोक विसरतात. पाथफाइंडर या अशाच गेमच्या दुसऱ्या आवृत्तीतून आलेले लोक "मी डिले करतो" म्हणतात, तिकडे ते आहे, पाचव्या आवृत्तीत आपला टर्न मागे ढकलायची सोय नाही.

सातवं: आता नियमाला हात लावा, ठोकळे करा

वरचं सगळं करूनही लढाई महिनाभर चालत असेल तर दोष कोणाचाच नाही, एकामागून एक थांबायची ती पद्धतच चॅटसाठी बनलेली नाही. १९७४ ला डी अँड डी निघालं ते एका खोलीत बसणाऱ्यांसाठी.

समजा क्रम असा आला: रोग (चोराचं पात्र) २१, गोब्लिन १७, क्लेरिक १४, विझार्ड १२, ओगर ९, फायटर ६. जसाच्या तसा खेळलात तर एका राऊंडला चार खेळाडूंसाठी चार वेळा थांबायचं. प्रत्येकाला एक दिवस दिला तर पाच राऊंडला जास्तीत जास्त २० दिवस.

ठोकळ्यात काय करायचं, दोन राक्षसांच्या मध्ये जे खेळाडू येतात त्यांना एकत्र धरायचं, त्यांनी कोणत्याही क्रमाने टाकायचं, जो आधी पोस्ट करेल त्याचं आधी घडलं. पहिल्या राऊंडला रोग एकटा, मग गोब्लिन, मग क्लेरिक-विझार्ड एकत्र, मग ओगर, आणि मग फायटर. पण फायटर यादीत शेवटी आणि रोग पुढच्या राऊंडला पहिला, म्हणजे दोघांच्या मध्ये कोणीच नाही, तेही एकत्रच. पाच राऊंडला थांबे होतात ११. आणि सगळे राक्षस एकाच रोलवर आणले तर राऊंडला एकच थांबा, पाच-सहा दिवसांत लढाई खलास.

फुकट काही नसतं. सगळे खेळाडू एकत्र आले की ते आपसात ठरवून एकाच राक्षसावर तुटून पडतात आणि तुमचा बिचारा ओगर एक शब्द न बोलता मरतो. उलट राक्षस आधी आले तर विझार्ड पहिल्याच राऊंडला आडवा. म्हणून मोठा राक्षस एकटा असेल तर मी त्याला गटापासून वेगळाच ठेवतो. दुसरं, "तुझ्या पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत" असे जे परिणाम असतात, २०१४ च्या पुस्तकातल्या मंकच्या स्टनिंग स्ट्राइकसारखे (शत्रूला सुन्न करणारा वार), ते गडबडतात, कारण मंकने या राऊंडला सगळ्यांत शेवटी टाकलं आणि पुढच्या राऊंडला सगळ्यांत आधी, तर बाकीच्यांना त्या स्टनचा फायदाच मिळत नाही. आमचा नियम, "टर्नच्या शेवटी" असेल तिथे "ठोकळ्याच्या शेवटी" वाचायचं आणि "सुरुवातीला" असेल तिथे "ठोकळ्याच्या सुरुवातीला".

तिसरं म्हणजे ज्याने इनिशिएटिव्हवर पैसे लावलेत त्याला विचारा. २०१४ च्या पुस्तकात अलर्ट फीट (पात्राने निवडलेलं खास कौशल्य) घेतलेल्याला इनिशिएटिव्हला पाच जास्त मिळतात, त्याने त्यासाठी दुसरं काहीतरी सोडलेलं असतं. ठोकळ्यात ते जवळजवळ वाया जातं. त्याला फीट बदलून द्या, नाहीतर तो बरोबरच चिडेल.

पूर्ण बाजूचा एकच रोल ही पद्धत २०१४ च्या डीएमच्या पुस्तकातही पर्याय म्हणून आहे, दोन्ही बाजूंनी एकेक डी२० (वीस बाजूंचा फासा), कोणताही मॉडिफायर (वर मिळवायचा आकडा) नाही. ज्याने टर्न घेतला त्यानेच पुढचा निवडायचा, ही पॉपकॉर्न पद्धत टेबलावर मजा आणते, पण चॅटवर मला पटत नाही, कारण निवडलेला माणूस नेमका नाईट ड्युटी करून झोपलेला असतो.

आठवं: डीएम स्वतः

खेळाडूंचे टर्न कधी आले आणि राक्षसांचे कधी, मेसेजच्या वेळा लावून बघा. कित्येक ग्रुपात सगळ्यात लांब थांबा डीएमचाच निघतो. राक्षसांचे रोल आधीच दहा-पंधरा टाकून वहीत ठेवा आणि क्रमाने वापरा, सगळ्या राक्षसांचं एकाच मेसेजमध्ये उरका, आणि निकाल लागलेली लढाई ओढू नका. शेवटचे दोन गोब्लिन पळून गेले तर कोणाचं काही बिघडत नाही, उलट पुढे कामाला येतात.

तरीही जमत नसेल तर गेम बदलायचा विचार करा. कॉल ऑफ कथुलूत क्रम ठरवायला रोलच नसतो, डेक्स्टेरिटी जास्त तो आधी. डंजन वर्ल्डमध्ये तर ठरलेला क्रमच नाही, कथेत ज्याच्यावर प्रकाश पडला तो बोलतो, चॅटवर ते पाण्यासारखं वाहतं.

इथे हात थांबवा आणि दुसऱ्याला बोलवा

बॉट उत्तरच देत नाही. तुम्ही फक्त एवढं बघा, त्याला ते चॅनेल दिसतं का, मेसेज पाठवायची आणि पिन करायची परवानगी आहे का, थ्रेडमध्ये लिहायची आहे का. ते सगळं ठीक असेल आणि दुसऱ्या सर्व्हरवर पण तो गप्प असेल तर तोच बंद पडलाय, वाट बघा आणि तोवर पिन केलेल्या यादीवर खेळा. काढून परत टाकायच्या फंदात लढाई चालू असताना पडू नका.

कोणा मित्राने बनवलेला बॉट किंवा शीटमधली स्क्रिप्ट असेल तर कोडमध्ये हात घालू नका, ज्याने लिहिलं त्यालाच बोलवा. बॉटचा टोकन कोणी कितीही गोड बोलून मागितला तरी चॅटवर टाकायचा नाही, तो ज्याच्या हातात गेला त्याच्या हातात बॉट गेला. चुकून पडलाच तर मेसेज डिलीट करून भागत नाही, बनवणाऱ्याला लगेच फोन करून नवा टोकन काढायला लावा.

एखाद्याच्या अकाउंटवरून टर्नऐवजी फुकट गिफ्टच्या लिंका यायला लागल्या तर ते अकाउंट गेलेलं आहे. त्याला सर्व्हरवरून काढा, फोन करून कळवा, आणि पुढचं त्याने डिस्कॉर्डच्या सपोर्टकडूनच करून घ्यायचं. "मी रिकव्हर करून देतो" म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला पैसे देऊ नका.

दोघांचं भांडण टर्नवरून दिसतंय पण प्रत्येक राऊंडला त्याच दोघांचं होतंय, तर यादी दुरुस्त करून ते सुटणार नाही. लढाई थांबवा, दोघांशी वेगवेगळं बोला, जमलं तर दुसऱ्या ग्रुपच्या एखाद्या जुन्या डीएमला मध्ये बसवा, कारण दोघांच्याही दृष्टीने तुम्ही एका बाजूचे झालेले असता. धमक्या किंवा घाणेरडे मेसेज असतील तर मध्यस्थी वगैरे काही नाही, स्क्रीनशॉट काढा, रिपोर्ट करा, बाहेर काढा.

आणि बॉटवाल्याला बोलवाल तेव्हा "चालत नाहीये" एवढंच पाठवू नका. कोणती कमांड दिली ती जशीच्या तशी, किती वाजता, कोणत्या चॅनेलमध्ये, कोणी दिली, बॉटने काय उत्तर दिलं त्याचा स्क्रीनशॉट, आणि त्याआधी सर्व्हरवर कोणी परवानग्या बदलल्या होत्या का, हे सगळं एकाच मेसेजमध्ये टाका, नाहीतर त्याच्याशी पण तेच होणार, टर्न एक आणि दिवस एक.